शेपटीवरचे पाते

सीवूड्सला राहणाऱ्या माणसाला आभाळ मुबलक मिळते. इमारती कितीही उंच झाल्या तरी एका अंगाला खाडी आहे, आणि खाडीवर अजून कोणाला मजले चढवता आलेले नाहीत. त्या आभाळात थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी दिसतात. पलीकडे उलव्याजवळ ८ ऑक्टोबर २०२५ ला नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच डिसेंबरपासून विमानेही ये-जा करू लागली. पहिले आठ-पंधरा दिवस आमच्या सोसायटीतली सगळी मंडळी चहाचे कप घेऊन गच्चीत होती. पुढे विमानाकडे मान वर करून पाहणे हे नवख्या पाहुण्याचे लक्षण ठरले.

पण हेलिकॉप्टरचे तसे नाही. तो फडफडाट दुरून ऐकू आला की अजूनही मुले हातातले टाकून गॅलरीत धावतात, आणि मुलांच्या मागून ‘काय बाई हा आवाज!’ असे म्हणत आम्हीही जातो. विमान कुठून तरी कुठे तरी जात असते; त्याचा आपला संबंध नाही. हेलिकॉप्टर थांबते. आभाळात उभे राहते, विचार करते आणि वाटले तर मागे फिरते. आपल्या स्वप्नांत आपण उडतो ते असेच.

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहिते. म्हणून दिवाळी अंकासाठी हा विषय घेतला तेव्हा संपादकांनी नम्रपणे विचारले, ‘बाई, हेलिकॉप्टरला मराठी शब्द तरी आहे का?’ रुळलेला नाही. मूळ शब्द दोन ग्रीक शब्दांचा: एकाचा अर्थ मळसूत्र आणि दुसऱ्याचा पंख. १८६१ च्या सुमारास एका फ्रेंच उमरावाने हे दोन जोडले. तेव्हा असे यंत्र उडालेले नव्हते. शब्द आधी जन्मला आणि वस्तू पाऊणशे वर्षांनी आली. आपल्याकडे वस्तू शब्दासकट आली, म्हणून तोच राहिला. पण वस्तूची कल्पना आपल्याला परकी नाही. जत्रेत काडीवर बसवलेले, तळहातांत घुसळून सोडले की भुर्रकन वर जाणारे भिरभिरे आपण सगळ्यांनीच उडवले आहे.

अशाच एका भिरभिऱ्याच्या नादी लागलेल्या दोन माणसांची गोष्ट मला सांगायची आहे. एक ८३ वर्षे जगला. दुसरा २४ वर्षांचा होऊन गेला, आणि तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला होता.

त्याचे नाव शेख इस्माईल शेख इब्राहिम. महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे त्याचे गाव. शाळा मध्येच सुटली. हातात वेल्डिंगची बत्ती आली. पत्रा कापणे, जोडणे, कपाटे आणि कूलर तयार करणे, हा धंदा. ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटातला रँचो त्याच्या मनात बसला होता आणि गावानेही त्याला त्याच नावाने ओळखायला सुरुवात केली होती. यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून पाहून त्याने हेलिकॉप्टरची रचना समजून घेतली. मारुती ८०० मोटारीचे इंजिन मिळवले. नळ्या जोडल्या, पाती तयार केली, आणि दोनेक वर्षांच्या खटपटीनंतर एका माणसापुरते हेलिकॉप्टर उभे केले. घरचे लाडके नाव मुन्ना, म्हणून यंत्राचे नाव ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. स्वातंत्र्यदिनी ते लोकांसमोर आणायचे त्याच्या मनात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये, त्या दिवसाच्या थोडे आधी, रात्रीच्या वेळी तो चाचणीसाठी आत बसला. यंत्र जमिनीवरच होते. इंजिनाचा वेग वाढवताना शेपटीवरचे पाते तुटले, ते मोठ्या पात्यावर आदळले, आणि ते मोठे पाते त्याच्या डोक्याला लागले. त्यातच तो गेला.

बातमी दोन-तीन दिवस सगळीकडे होती. चित्रफीतही फिरली. आमच्या घरी जेवताना ती कोणी तरी लावली आणि मी बंद करायला लावली.

नंतर मात्र एक गोष्ट मनातून जाईना. शेपटीवरचे ते पाते असते कशाला? यंत्र उचलायचे काम तर डोक्यावरच्या मोठ्या पात्यांचे. मग हे इवलेसे पाते मागे कशासाठी फिरते?

आमच्याच मजल्यावर एक काका राहतात. त्यांची सारी नोकरी जुहूच्या तळावर हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या. मी त्यांना विचारले. त्यांनी वर छताकडे बोट केले.

‘हा पंखा पाहा. मोटर पात्यांना एका दिशेने ढकलते. तेवढ्याच जोराने पाती मोटरीला उलट ढकलतात. पण मोटर दांड्याला, दांडा छताला जखडलेला, म्हणून तुम्हांला ते दिसत नाही. आता छत काढून टाका.’

छत काढले की पाती एकीकडे आणि मोटर दुसरीकडे गरगरणार. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू करताना तो ओट्यावर जो एक हिसका देतो, तोच हा हिसका. हेलिकॉप्टरला आभाळात छत नाही. वरची पाती फिरू लागली की खालचे धूड, आतल्या माणसासकट, उलट दिशेने भोवऱ्यासारखे फिरणार. त्याला आडवा रेटा देऊन धरून ठेवणारा हात म्हणजे ते शेपटीवरचे पाते. ते तोळाभरही वजन उचलत नाही, तरी इंजिनाच्या शक्तीचा सुमारे दहावा हिस्सा खाते. आणि लहान यंत्रांत ते मोठ्या पात्यांच्या पाच-सहा पट वेगाने फिरते.

हा शेपटीचा हात ज्याने रूढ केला तो माझ्या गोष्टीतला दुसरा माणूस, इगोर सिकोर्स्की. १८८९ साली कीव्ह शहरात जन्मला. वडील प्राध्यापक. आईने लहानपणी लिओनार्दो दा विंचीच्या उडत्या मळसूत्राची गोष्ट सांगितली, आणि बाराव्या वर्षी या पोराने रबराच्या पिळावर उडणारे एक हेलिकॉप्टर घरात उडवले. १९०९ मध्ये मोठ्या बहिणीने दिलेल्या पैशांवर तो पॅरिसला गेला आणि २५ अश्वशक्तीचे एक इंजिन घेऊन परतला. त्यावर बांधलेले पहिले हेलिकॉप्टर जागचे हलले नाही. पुढच्या वर्षीचे दुसरे जमिनीवरून कसेबसे सुटले, पण फक्त रिकामे असताना. माणूस बसला की त्याचे पाय जमिनीला चिकटत. तेव्हा सिकोर्स्की २१ वर्षांचा होता.

त्याने हेलिकॉप्टर गुंडाळून ठेवले. इथे मला थांबावेसे वाटते, कारण चरित्रे लिहिणारे या जागी भरकन पुढे जातात. ‘अपयशाने खचून न जाता’ वगैरे वाक्य टाकायचे आणि पुढचे पान उलटायचे, ही आपली रीत. पण हा गृहस्थ जवळजवळ तीस वर्षे त्या विषयाकडे परतला नाही. त्याला कळून चुकले होते की इंजिने अजून जड आहेत, आपल्याला हिशेब येत नाही, आणि आज हट्ट धरला तर मरण येईल. त्याऐवजी त्याने विमाने केली. एकदा म्हणे इंधनाच्या वाटेत एक डास अडकून इंजिन बंद पडले आणि तो मरता मरता वाचला. तेव्हा एका डासाने माणूस मरू नये म्हणून त्याने एकाहून अधिक इंजिने बसवायचे ठरवले आणि १९१३ मध्ये चार इंजिनांचे विमान उडवले. मग क्रांती झाली. १९१८ मध्ये देश सुटला, १९१९ मध्ये न्यू यॉर्क. तिथे आपल्यासारख्याच निर्वासितांना गणित शिकवून पोट भरले. १९२३ मध्ये एका कोंबड्यांच्या वाडीवर कंपनी काढली. प्रसिद्ध संगीतकार रखमानिनोव्हने तिला पाच हजार डॉलर दिले. गाणारा माणूस विमानाला पैसे देतो, हे मला फार आवडले. आपल्याकडे नाटकवाल्यांनी संस्थांना मदत केली आहे, पण विमानाच्या कारखान्याला कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

मधल्या काळात इतरांनी वाट तुडवली होती. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वाने पात्याला बिजागरी लावून त्याला वरखाली होऊ दिले. पुढे जाताना एका बाजूचे पाते वाऱ्यावर चाल करून जाते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर पळते, त्यामुळे यंत्र कलंडते, त्यावरचा हा उपाय. जर्मनीत हाइनरिख फोके याच्या हेलिकॉप्टरने १९३६ मध्ये उड्डाण केले. त्यात दोन अंगांना दोन पंखे, उलटसुलट फिरणारे, म्हणजे शेपटीच्या पात्याची गरजच नाही. सिकोर्स्कीला एक मोठा पंखा आणि एक लहान, अशी साधी मांडणी हवी होती. १४ सप्टेंबर १९३९ ला, पन्नाशी ओलांडल्यावर, तो स्वतः त्या यंत्रात बसला. अंगात कोट, डोक्यावर हॅट. यंत्र जमिनीपासून जेमतेम सुटले आणि काही सेकंदांत खाली टेकले.

आणि यंत्र दोरांनी बांधलेले होते. खाली वजने लावलेली होती. त्याला वर जायचेच नव्हते. फक्त हे पाहायचे होते की ते काय काय खोड्या करते. खोड्या इतक्या निघाल्या की आठ महिने दोर सुटला नाही. मोकळे उड्डाण झाले ते १३ मे १९४० ला. त्यानंतरही बरेच दिवस हे यंत्र मागे जाई, बाजूंना जाई, पण पुढे म्हणून धड जाईना. पुढल्या वर्षी, ६ मे १९४१ ला, ते दीड तासाहून अधिक वेळ आभाळात राहिले आणि जर्मन यंत्राचा विक्रम मोडला. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशच्या जंगलातून, जपानी फौजांच्या पिछाडीकडून, जखमी सैनिकांना उचलून आणले ते सिकोर्स्कीच्याच हेलिकॉप्टरने. सिकोर्स्की १९७२ मध्ये वारला, घरी.

त्याच्या कंपनीच्या रचनेवरूनच आपल्या नौदलाची ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला, तेव्हा नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टरेही लाटांवरून माणसे शोधत होती. आमच्या खिडक्या त्या रात्री थडथडत होत्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी फुलसावंगीची बातमी आली.

आता कोणी म्हणेल, प्राध्यापकबाई, तुलना कशाची करता? कुठे सिकोर्स्की आणि कुठे वेल्डिंगच्या दुकानातला पोरगा! पण १९०९ सालच्या सिकोर्स्कीकडे काय होते? एक विकत आणलेले इंजिन, घरातल्यांची माया, आणि चुकीचा हिशेब. इस्माईलकडेही तेवढेच होते. नळ्या वाकवण्यात आणि जोडण्यात तर त्याचा हात अधिक तयार असावा, कारण त्यावर तो रोज पोट भरत होता. फरक बुद्धीचा असेल किंवा नसेल. मला दिसतो तो फरक दोराचा.

खेड्यात जन्मल्याने काही अडत नाही, हेही आपल्याच जिल्ह्यांनी दाखवून दिले आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे १९०८ मध्ये गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूला जन्मले. त्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या आद्य गुरूच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९४० च्या डिसेंबरात वालचंद हिराचंदांनी बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, तिथे ते गेले. भारतात आखलेले आणि बांधलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्यांच्या हाताखालच्या चमूने केले. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. असली दीडशेहून अधिक विमाने झाली आणि तरुण वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या. घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेच्या पुस्तकात मात्र मला तरी ते कधी भेटले नाहीत; माझ्या विद्यार्थ्यांनाही नाही, मी विचारून पाहिले.

त्याच बंगलोरच्या कारखान्याने हेलिकॉप्टरला हात घातला तो बेताबेताने. १९६२ मध्ये फ्रेंचांशी करार करून त्यांचे हेलिकॉप्टर इथे बांधायला घेतले, त्याचे नाव ‘चेतक’. स्वतःचे हेलिकॉप्टर आखण्यासाठी १९८४ मध्ये एका जर्मन कंपनीची मदत घेतली, आणि ‘ध्रुव’ पहिल्यांदा उडाले २० ऑगस्ट १९९२ ला. कारखाना, पगारी इंजिनियर, परदेशी सल्लागार आणि सरकारी तिजोरी, एवढे असून आठ वर्षे. इस्माईलने दोन वर्षांत एकट्याने जे मांडले त्याकडे या आकड्यांवरून पाहिले की छाती दडपते. कौतुकानेही आणि भीतीनेही.

आमच्या काकांना मी पुढे बरेच छळले. ते म्हणाले, प्रत्येक पात्याची एक पत्रिका असते. जन्मतारीख असते, अनुक्रमांक असतो, आणि किती तास फिरले याची नोंद असते. आयुष्याचे तास ठरलेले. तेवढे भरले की पाते काढायचे. नवे कोरे दिसत असले, चमकत असले, तरी काढायचेच.

‘चांगले असताना?’ मी विचारले. मध्यमवर्गीय जीव, माझ्याकडे लग्नातला कुकर अजून चालू आहे.

‘चांगलं दिसतं ना, तेच वाईट,’ काका म्हणाले. ‘तार वाकवून वाकवून तोडता ना तुम्ही? पहिल्या वेळी वाकवली तेव्हा काही दिसतं का? दहाव्या वेळी? तुटायच्या आधीच्या वेळीसुद्धा दिसत नाही.’

मी घरी येऊन हिशेब केला. शेपटीचे पाते मिनिटाला तीन हजार फेरे घेते असे धरले, तर तासाला एक लाख ऐंशी हजार. प्रत्येक फेऱ्यात ते थोडे वाकते, थोडे सरळ होते. वेल्डिंगच्या दुकानात कपाट जोडताना हा हिशेब कधी लागत नाही. कपाट भिंतीला उभे असते. ते वाकत नाही. जोड दिसायला पक्का असला की पक्का. ज्या हाताने हजार जोड पक्के केले त्या हाताचा आपल्या जोडावर विश्वास असणारच, आणि यूट्यूबवर पाते कसे फिरते ते दिसते, ते आतून कसे शिणते ते दिसत नाही.

मराठीत अशा माणसासाठी शब्द पुष्कळ आहेत. काम होईपर्यंत तो ‘उपद्व्यापी’. काम दिसू लागले की ‘खटपट्या’. वर्तमानपत्रात नाव आले की आपण हिंदी चित्रपटातून ‘रँचो’ आणतो, आणि अलीकडे हिंदीतलाच ‘जुगाड’ हा शब्द तर आपण अभिमानाने मिरवू लागलो आहोत. या सगळ्या शब्दांत कौतुक आहे किंवा टिंगल आहे. ‘बाबा रे, हे मला दाखव, मी तपासून देतो,’ असे म्हणणाऱ्या माणसासाठी एकही शब्द त्यांत नाही. पूर्वी गुरुजी असत, वस्ताद असे, कारखान्यात मिस्त्री असे. मिस्त्री शिव्या देई, पण रात्री एकट्याला यंत्र सुरू करू देत नसे.

महागावच्या शेजारीच पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे वर्ग आहेत, प्रयोगशाळा आहेत, धातूचा तुकडा ताणून तो कुठे तुटतो ते पाहायची यंत्रे अशा महाविद्यालयांत असतातच. पण कुठल्याही महाविद्यालयाच्या दारातून आत जायला आधी गुणपत्रिका दाखवावी लागते. पात्याचा तुकडा दाखवून आत जायची सोय नाही. मी स्वतः वीस वर्षे अशाच एका दाराच्या आत बसून हजेरी घेते आहे. आमच्या ग्रंथालयातसुद्धा बाहेरच्या माणसाला बसून वाचायचे तर प्राचार्यांची सही लागते. मी गेल्या वर्षी विचारले, ही सही कशासाठी? लिपिक म्हणाले, ‘पूर्वीपासून आहे.’ आठवड्यातून एक दुपार कोणालाही, काहीही घेऊन येऊ द्यावे, असा अर्ज मी त्यानंतर केला आहे. माझ्याकडे फार तर कोणी कविता घेऊन येईल. कवितेचे पाते तुटून सहसा कोणी दगावत नाही. पण शेजारच्या इमारतीत पदार्थविज्ञानवाले बसतात, आणि त्यांच्यातल्या दोघांनी त्या अर्जावर माझ्याखाली सह्या केल्या आहेत. अर्ज सध्या फिरतो आहे.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी मी काकांना शेवटचे विचारले.

‘काका, तो मुलगा ते यंत्र घेऊन तुमच्याकडे आला असता, तर तुम्ही काय सांगितले असते? करू नको म्हणाला असता?’

‘छे! करू नको म्हणून ऐकणारी जात नाही ती. मी ऐकलं असतं का त्याच्या वयात?’ त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘म्हटलं असतं, यंत्र झकास आहे. आता पहिलं काम, ती खुर्ची काढून टाक.’

‘खुर्ची?’

‘बसायची. खुर्चीच्या जागी वाळूची पोती ठेवू. चारी बाजूंनी दोर बांधू. इंजिनाचा वेग लांबून, तारेने वाढवायचा. आणि आपण दोघं त्या तिकडे, मातीच्या ढिगामागे.’

‘किती वेळ?’

‘किती वेळ काय? काहीतरी तुटेपर्यंत.’